लाँचवरचा वधूपिता

पाहुण्यांचं स्वागत लोक दारात उभं राहून करतात. आमचे तात्या ते गुडघाभर चिखलात उभं राहून करत. बोरिवलीच्या गोराई धक्क्यावर ओहोटी लागली की पँट वर दुमडून, हात जोडून ते लाँचवर चढायच्या फळीच्या टोकाशी उभे असत. "येवा, येवा! पाय सांभाळून. बाईमाणसां पयली!"

तात्या माझे शेजारी. मूळ कणकवलीकडचे. संपात गिरणी गेली तेव्हा त्यांनी एका कोळी तांडेलाबरोबर भागीत जुनी लाँच घेतली. रविवारी कुठली मंडळं, कुठली ऑफिसं ती भाड्याने घेत आणि खाडीतून बेटावर सहलीला जात. तांडेल लाँच चालवायचा आणि तात्या माणसं चालवायचे. ज्याला मळमळेल त्याला हुंगायला लिंबू, चघळायला आलेपाक, म्हाताऱ्यांना पाठीशी उशी, आणि दर पाच मिनिटांनी "बसाक नीट झाला मा?" आमच्या ऑफिसातले एक साहेब जाताना-येताना ओकले, तर तात्या त्यांची पाठ चोळत म्हणाले, "आज समुद्रान जरा त्रास दिल्यान, राग मानू नका." जणू समुद्र म्हणजे त्यांच्याच घरातलं व्रात्य कार्टं! भाडं देणाऱ्या प्रत्येकाला ते वरपक्षासारखं वागवत, म्हणून आमच्या चाळीने त्यांचं नाव वधूपिता ठेवलं होतं.

पण एका बाबतीत हा वधूपिता कुणाचं ऐकत नसे. लाँचच्या अंगावर बाहेरून त्यांनी एक पांढरा पट्टा रंगवून घेतला होता. माणसं चढत जातील तशी लाँच खाली बसे, आणि पट्टा पाण्याला टेकला की शेवटी चढलेल्याने उतरायचं. मग तो कोणी का असेना. वर कठड्याला ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा बांधलेल्या असायच्याच. आणि गंमत म्हणजे तात्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "म्हणान तर माका भीती वाटता. ज्येका पोवाक येता, तोच दुसऱ्याक बुडवता."

त्यांची मुलगी शुभा हिला विक्रोळीचं स्थळ आलं. मुलगा झकास, एका कारखान्यात फिटर. पसंती झाली, बोलणी राहिली होती. मुलाकडच्यांना लाँचचं भारी कौतुक, म्हणून बोलणी बेटावरच करायची असं ठरलं. मुलीकडून बोलायला तात्यांनी मला बरोबर घेतलं. मुलाकडचे लोक पाचसहा माणसं येतील म्हणाले होते. आली त्यांची अख्खी चाळ!

तात्यांनी सगळ्यांना हाताला धरून चढवलं. मुलाचे मामा मात्र धक्क्यावरच उभे. मोठा देह, पांढरंशुभ्र धोतर. मानाचा माणूस आग्रह झाल्याशिवाय हलतो होय? तात्यांनी एकदा विनवलं, दोनदा विनवलं, मग मामा सावकाश चढले, सर्वांच्या शेवटी. आणि पट्टा पाण्यात गेला.

तात्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्यांच्या बायकोने मागून त्यांचा सदरा ओढला. "जाऊ दे ना आज, तात्या," मी पुटपुटलो. ते हात जोडून मामांसमोर गेले. "मामासाहेब, लाँच भरली. आपण उतरा. अर्ध्या तासात दुसऱ्या फेरीत न्यायला येतो."

"मला उतरवताय? वराच्या मामाला?"

"पाया पडतंय," तात्या वाकून म्हणाले, "पण उतरा. मानपान हय धक्क्यार. होडयेत सगळी नुसती माणसां."

मामा उतरले आणि मागे वळून न बघता स्टेशनची वाट चालू लागले. बेटावर कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मुलाची आई शेवटी म्हणाली, "मुलगी मला हवी आहे हो. पण मांडवात मामा नसेल तर लग्न लावू कशी?" शुभा तात्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, केलंत ते बरोबर. पण लग्न मोडलं तर मला लाँचवर कामाला ठेवा."

पुढच्याच रविवारी लाँच बंद ठेवून तात्या मला घेऊन विक्रोळीला गेले. मामा म्हणाले, "चुकलं म्हणा, विषय संपला." तात्या म्हणाले, "मन दुखावलं त्याची माफी मागतो. उतरवल्याची कशी मागू? तुमच्या जागी देव असता तरी उतरवला असता." झालं! मामांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. त्या दिवशी लाँचवर मला तात्यांचा राग आला होता, तो त्यांचं हे बोलणं ऐकून कुठल्या कुठे गेला.

लग्नाला मामा आले, बहिणीने रडून आणलं म्हणून. वरामागे उभे राहिले, जेवताना जिलबी नको म्हणाले आणि तात्यांशी अवाक्षर बोलले नाहीत.

पाठवणीच्या वेळी टॅक्सीत मागे नवरानवरी, सासूबाई, करवल्या, मांडीवर पोरं आणि पुढे ड्रायव्हरला खेटून मामा. शुभा रडत होती, तिची आई रडत होती, मीही नाक पुसत होतो. तात्या मात्र वाकून टॅक्सीचं मागचं चाक बघत होते. गाडी टायरवर टेकली होती. ते सरळ झाले, मामांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. आज ते खरोखरचे वधूपिता होते. डोळे भरून आले होते.

पुढचं दार उघडलं. मामा खाली उतरले, धोतर झटकलं.

"कळलं," ते म्हणाले. "मी दुसऱ्या फेरीत जातो. तोवर जिलबी उरली असेल तर आणा."

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तशी तात्यांनी फुटपाथवरच बसकण मारली आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. मामा त्यांच्याजवळ गेले आणि त्या पांढऱ्याशुभ्र धोतरासकट शेजारी धुळीत बसले.