ताईच्या पेशी

ताईला ताप आला तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. आधी दाजी आजारी पडले. ते सुरतजवळ कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामाला होते आणि पावसाळा सरता सरता तिथं सगळेच खोकत होते. दाजी दोन दिवस पांघरूण घेऊन पडले, मग उठून कामाला गेले. ताई तेवढ्यावर सुटली नाही.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे, सुरतच्या कोसाड भागात. आई गेल्यावर ताईनंच मला धुळ्याहून आणलं, घरी साड्यांना लेस लावायचं काम करून माझं शिक्षण केलं. आता मी इथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते, आणि माझा विषय होता फ्लूचा विषाणू. म्हणजे खरं तर विषाणू नव्हे, आपली पेशी. हा विषाणू इतका तोकडा असतो की स्वतःच्या बळावर त्याला काहीच जमत नाही. श्वासनलिकेतल्या पेशीच्या अंगावर साखरेची टोकं असतात, त्यांना तो चिकटतो. पेशीच त्याला आत ओढून घेते. तिच्याच प्रथिनांच्या आधारानं तो केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि तिच्याच एका प्रथिनाला धरून स्वतःच्या नकला काढतो. मी या शेवटच्या प्रथिनावर काम करत होते. ते काढून टाकलेल्या पेशी आम्ही डिशमध्ये वाढवायचो. त्यांच्यात विषाणू शिरायचा, पण वाढायचा नाही. हे मी स्वतः पाहिलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी साधा व्हायरल म्हणून तापाच्या गोळ्या दिल्या. एका सकाळी ताईच्या ओठांवर निळसर झाक दिसली आणि बोलताना तिला मधेच थांबावं लागलं. रिक्षानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाकातला नमुना घेतला, फ्लूच निघाला. विषाणूवरच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या गोळ्या सुरुवातीलाच पोटात गेल्या तर जास्त उपयोग होतो. ते मलाही माहीत होतं.

दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू यावरच काम करतेस ना? तुमच्याकडे काहीतरी असेल."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे औषध नाही. डिशमध्ये विषाणू थांबतो, कारण तिथं आम्ही पेशीतलं प्रथिनच काढतो. माणसाच्या अंगातून ते काढता येत नाही. शरीराला त्याची स्वतःची कामं असतात, पोटात वाढणाऱ्या जीवाला तर ते लागतंच. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ताईला उकळलेलं पाणी द्यायचं की साधं. मी म्हटलं, उकळलेलं.

ताईला अतिदक्षता विभागात ठेवलं. आत सोडायचे तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसायचे. तिच्या ऑक्सिजनच्या मास्कमध्ये वाफ धरायची, विरायची. तिच्या छातीत काय चाललंय ते मला पायरीपायरीनं ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाही पायरीला मला हात लावता येत नव्हता. मी तिचे पाय चेपायचे. ती हातानं खूण करायची, पुरे.

बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. दाजी आणि त्यांचे भाऊ तिला पुरायला घेऊन गेले, मी ताईजवळ थांबले. ताईचा श्वास मात्र हळूहळू सुधारला आणि तिला घरी सोडलं.

घरी आल्यावर ती फारशी बोलायची नाही. एकदा दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिनं विचारलं की दवाखान्यात मी दाजींना काय समजावत होते. मी टाळायला बघितलं. तिनं सोडलं नाही. मग शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

ती आमच्या धुळ्याकडच्या अहिराणीत म्हणाली, "म्हणजे मन्हाच आंगनी त्याले मदत करी."

मी म्हटलं, "तसं नाही ताई. अंग मुद्दाम मदत करत नाही, पेशीला कळतच नाही कोण आलंय. माझ्या पेशींनीही तेच केलं असतं, दाजींच्या पेशींनी तेच केलं. यात तुझं काही नाही." गरोदरपणात शरीर बाळाला सांभाळायला बदलतं, फुप्फुसांना जागा कमी उरते, म्हणून फ्लू अशा बाईला जास्त भोवतो, हेही सांगितलं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की प्रत्येक वाक्य फिरून तिच्या शरीरावरच येतंय. तिनं मान हलवली. मला वाटलं, पटलं असावं.

पुढच्या आठवड्यात शेजारची ओडिया बाई तिला भेटायला आली. मी आत चहा टाकत होते. बाईनं विचारलं, झालं तरी काय होतं. ताई शांतपणे हिंदीत म्हणाली, "मेरे ही बदन ने बीमारी को पाला. मेरी बहन पढ़ी-लिखी है, उसने बताया."

बाईनं तिचा हात हातात घेतला. मी चहा गाळला आणि बाहेर नेऊन दोघींच्या पुढ्यात ठेवला.