एका ‘चालेल’ची गोष्ट

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचं अर्धं आयुष्य डॉक्टरांच्या अर्ध्या वाक्यांचा अर्थ लावण्यात गेलं होतं. म्हणून टीमवर्कच्या शिबिरात त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि मनसोक्त पेंगल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मांडीचं हाड बसवलेल्या आजोबांना आज झोपवूनच ठेवू?" मोबाइलमधून डोकं वर न काढता डॉक्टर म्हणाले, "चालेल."

आजोबांना बघायला दारातून आत येणाऱ्या फिजिओ मॅडमनी तेवढंच ऐकलं. पेशंट चालेल, असं समजून त्यांनी आजोबांना उभं केलं. आजोबा मटकन खाली बसले. नशिबाने हाड शाबूत राहिलं.

मग बैठक बसली. सिस्टर म्हणाल्या, मी बरोबर विचारलं. डॉक्टर म्हणाले, मी बरोबर बोललो. मॅडम म्हणाल्या, मी बरोबर ऐकलं. शेवटी सिस्टरांनीच तोडगा काढला, की आजोबांनीच नीट उभं राहायला हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

सिस्टर खाटेपाशी जाऊन गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुमचाच पाय घसरला असं लिहू ना?"

"लिहा," आजोबा म्हणाले. "इथे सगळंच चालतं, मी सोडून."