खारबंदरच्या वाळूवरचे व्याख्यान

वसुधाताईंची आणि माझी पहिली ओळख भीतीतूनच झाली. नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका छोट्या सभागृहात त्या आपल्या माहेरगावाविषयी, कोकणातल्या खारबंदराविषयी बोलत होत्या आणि मी टिंगलीच्या तयारीने मागे बसलो होतो. मध्येच थांबून त्यांनी मलाच विचारले, बंदर गाळाने भरले की गावाचे काय होते? माझ्यासारख्या विनोदी लेखकाला गप्प करणारे माणूस नागपुरात सहसा सापडत नाही.

इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून ताई दर हिवाळ्यात आम्हां हौशी नागपूरकरांना खारबंदरला नेतात. तिथे पाहण्यासारखे थोडेच: जुने जकातघर, दीपगृह, ओहोटीला वाळूवरून चालत गाठायचा पाणकोट आणि त्याच्या पोटातली गोड्या पाण्याची विहीर. पण ताई बोलू लागल्या की बुजलेल्या खाडीत गलबते उभी राहतात. बसमध्ये मला उलट्या झाल्या तेव्हा त्यांनी आपली खिडकीची जागा मला दिली आणि ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. तो मान मीच घेतो.

एकदा पाणकोटात आमचे डबे उघडले होते. भरतीआधी निघायला हवे, असे ताईंनी दोनदा सांगितले. आमच्यातले, नागपूरजवळच्या बेसा गावचे वानखेडेकाका हलेनात. "ताई, आमच्या तलावाचं पाणी कधी काठ सोडते का? जेवून घेऊ, मंग निघू."

ताईंनी वाद घातला नाही. विहिरीचा राहिलेला इतिहास सांगत त्या दरवाजाबाहेर चालू लागल्या. ताईंचे बोलणे अर्धवट सोडायची आम्हांला लाज; डबे सावरत मागोमाग निघालो. पाणी दोन्हीकडून सरकत होते. घोट्याला लागले, मग गुडघ्याला. पायाखालची वाळू निसटू लागली. काकांचा हात घट्ट धरून ताई वर्गातल्याच आवाजात जकातीविषयी सांगत होत्या. मागे कोटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

किनाऱ्यावर पोचताच ताई मटकन खाली बसल्या.

"काहून नाही सांगितलं ताई, पाणी चढून राहिलं म्हणून?" काका रडवेले झाले होते.

"सांगितलं असतं तर तुम्ही धावला असता. त्या वाळूत धावणारा रुततो."

"पण तुमाले तं पोहता येते नं?"

"नाही हो. आमच्या गावात मुलींना कुणी शिकवलंच नाही."

ताईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्यामागून चालताना मला भीती वाटत नाही, असे लिहिणे त्यांच्या या गौरवग्रंथात शोभले असते. पण वाटते, आणि तरी दरवर्षी जातो. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. येत्या हिवाळ्यातही आमच्यापुढे त्याच असाव्यात, आणि बोलत असाव्यात.