चेहरे शोधणारे दौलतराव

शिंप्याच्या दुकानात कपडे वेळेवर निघतात, गोष्टी मात्र साठत जातात. माझ्या वाशीमच्या दुकानात तर निम्म्या गोष्टी एकट्या दौलतरावांच्या! एका फिल्म कंपनीसाठी ते वऱ्हाडभर नवे चेहरे शोधत फिरायचे. जादूचा नादही भारी! बाजारात जादू दाखवायची, गर्दी जमवायची आणि चेहरे न्याहाळायचे. त्यांच्या कोटाचे चोरखिसे मीच शिवायचो.

मंगरूळपीरच्या बाजारात एकदा त्यांनी अंडं गायब केलं. लोक टाळ्या पिटताहेत, आणि वांगी विकणारी एक माळीण म्हणाली, "बगलेत हाये. हात वर करा बरं!"

केला. अंडं खाली, फचाक!

दौलतराव उलट खूश. "काय नजर हाये बाई तुमची! सिनेमात येता काय?"

"येतो ना. पन आदी मले दर्ग्यावर जाऊन येऊ द्या. तवरक वांगे तुमी विका."

दुपारी ती परतली, तर टोपली रिकामी! ती म्हणाली, "सिनेमाचं राहू द्या बाप्पा. तुमी बाजारातच बसत जा!"

कल्हईवाले करीमभाई म्हणजे राजबिंडा माणूस. दौलतरावांनी त्यांना मूकपटात राजा केलं. पुढे बोलपट आले. दरबार भरला, कॅमेरा सुरू झाला, आणि महाराज गरजले, "अरे, पकडा त्याले! नुसते काहून पाहून राह्यले?"

डायरेक्टरनं कपाळावर हात मारला. दौलतराव पुढे झाले. "साहेब, राजा वऱ्हाडचा आहे असं लिहा ना! बाकी काय चुकलं?"

एकदा खुद्द दौलतरावांनाच जादूगाराचं काम मिळालं. मी नवा कोट शिवून दिला. पण कॅमेऱ्यासमोर कबूतर काही निघेना! तीन वेळा हात अडकला. परत आल्यावर मी विचारलं, तर हिरमुसून म्हणाले, "बाबाराव, त्या डब्ब्याले नवलच वाटत नाही गा! मंग जादू कोनाले दाखवाची?"

शेवटी ते आजारी पडले. हात थरथरायचे. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी उशाशी औषध घेऊन बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या एकाही जादूला ही बाई फसली नव्हती. चटणी वाटता वाटता, वर न बघता सांगायची, "डाव्या बाहीत."

त्या दिवशी दौलतरावांनी कागदाचं फूल काढायला हात उचलला. फूल आधीच बाहीतून घसरून गोधडीवर पडलं. मी पाहिलं, वहिनींनीही पाहिलं.

वहिनींनी औषध खाली ठेवलं. फूल उचललं. डोळे मोठ्ठे केले. "अगं बाई! हे कुठून आलं वो?"

दौलतराव किती तरी वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"बाबाराव, हिरॉईन तं घरातच होती. मी कायले गावोगाव हिंडलो?"