वडीगोद्रीचा भाऊ

"मोठीचा भाऊ कुठवर आला?"

आमच्या भोकरदनच्या घरासमोर त्या दिवशी सकाळपासून जो येईल तो हेच विचारत होता. जाऊबाईंना अंगणात आणून ठेवलं होतं. सवाष्ण बाई गेलेली, भावानं आणलेलं माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय उचलायची कशी? शेजारच्या सखूबाई सारख्या रस्त्यावर जाऊन बघून येत होत्या. मी तोंडाला पदर लावून बसलेली, आणि रडायचं सोडून मला घाम फुटलेला. कारण त्या अख्ख्या गर्दीत मला आणि माझ्या थोरल्या दिरांना, भाऊजींनाच माहीत होतं, की जाऊबाईंना भाऊ नव्हताच. आईबापाची एकुलती लेक ती. आता हे ह्या बायांना कुण्या तोंडानं सांगायचं?

त्यांचं माहेर नगरकडचं. लग्न झालं तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, पण तिकडच्या लोकांच्या तोंडी आमचा मुलूख अजून 'मोगलाई'च होता. मोगलाईत वाटेत लुटतात, बाया पळवतात, काय न्हाई ते! वडिलांनी सासरी धाडताना लेकीला पढवून ठेवलेलं, एकटी आहेस हे कुणाला कळू द्यायचं नाही. भाऊजी तहसिलीत, त्यांना रजा मिळायची मारामार. तिकडं वडील म्हातारे, एकटे. म्हणून जाऊबाई मोटारीनं एकट्याच जायच्या-यायच्या. वडीगोद्रीला उतरून दुसरी मोटार धरावी लागे. मंगळसूत्र पोलक्याच्या आत, बसायचं एखाद्या लेकुरवाळीला चिकटून, आणि कुणी "एकट्याच का, बाई?" म्हटलं की उत्तर तयार, "छे, पुढं अण्णा आलाय ना घ्यायला." हा अण्णाही कसा, तर मिशीवाला, फौजेतून आलेला, डोकं भडकलं की कुणाचं न ऐकणारा! भोकरदनच्या मोटारीच्या अड्ड्यावरही तेच सांगून सांगून गावाला अण्णा पाठ झाला. सखूबाई तर त्याची खुशाली विचारायच्या.

नवी नवरी होते तेव्हा मी एकदा विचारलंच, "जाऊबाई, तुम्ही तर एकुलत्या ना? मंग हा अण्णा कोण?" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, थाप ती! मोगलाईत एकट्या बाईला एवढं तरी हत्यार नको का?"

मला राग आला. मी केदारखेड्याची, म्हणजे मोगलाई आम्हीच की! "आम्ही काय माणसं खातो का?" म्हटलं.

"तू न्हाई खात गं. पण मोटारीतला कोण खाईल, हे त्याच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं असतंय?"

त्यांचं भ्याव खरं होतं. हसायच्या, पण मोटारीत चढताना हात थंडगार असायचे, मी स्वतः धरून बघितलेत.

पुढं वडील वारले. तरी दिवाळीला जाऊबाई जातच राहिल्या. "बंद घर झाडून येते," म्हणायच्या. भाऊजी त्यांना मोटारीत बसवून यायचे. मला वाटायचं, रिकामं घर झाडायला सणासुदीला कोण जातं? पण माहेरची ओढ असेल, म्हणून सोडून द्यायचे.

तर त्या दिवशी ऊन चढायला लागलं तशी सखूबाई म्हणाल्या, "आता किती वाट बघायची?" तेव्हा भाऊजी पहिल्यांदा बोलले. "येईल. कालच निरोप धाडलाय वडीगोद्रीला."

वडीगोद्रीला? कुणाला?

दुपारच्या मोटारीनं एक माणूस आला. काटकुळा, वाकलेला, मिशी नावाला न्हाई. बगलेत कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं. अंगणात येऊन तो जाऊबाईंकडं बघत नुसता उभा राहिला. सखूबाई माझ्या कानाशी लागल्या, "हे अण्णा? फौजेतले?" बाहेरून कुणीतरी म्हणालं, "कोण हा? कुठला? जातीपातीचं काही विचारलं का?" भाऊजी उठले, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "तिचा भाऊ आहे. अजून काय पाहिजे?"

बाया बाजूला सरल्या. त्या माणसानं जाऊबाईंच्या अंगावर लुगडं घातलं.

सगळं आटोपल्यावर मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा तो आपणहून बोलला. "माझं चहाचं हॉटेल हाये तिथं, मोटार थांबती तिथंच. पहिल्या टायमाला बाई उन्हात उभ्या दिसल्या. म्हन्लं, एकट्याच का? तर मलाच दम देत्यात, 'हे हॉटेल माझ्या भावाचंय, बराबर ध्यानात ठेव!'" तो हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. "मी म्हन्लं, बरं, मंग बसा भावाच्या हॉटेलात. आत बसवलं, मोटार आली तशी बसवून दिलं. तवापासून बसायच्याच. वडील गेल्यावर दर भाऊबीजेला ओवाळायला आल्या... मला बहीण नव्हती, बाई."

म्हणजे माझ्याशी त्या खोटं बोलल्या होत्या का? की मला सांगितलं तेव्हा थाप होती, आणि पुढं कधीतरी खरी झाली? झाली असेल तर मला का न्हाई सांगितलं? मी हसेन असं वाटलं, की सांगितलं तर हा भाऊही जाईल असं भय वाटलं? डोक्याचा नुसता भुगा झालाय. भाऊजींना विचारावं, तर ते दाराआडच्या खुंटीला टांगलेल्या जाऊबाईंच्या प्रवासाच्या पिशवीकडं बघत बसतात. इतके दिवस ती पिशवी कुणी काढली नव्हती.

परवा मला जालन्याला जायचं होतं. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून तीच पिशवी खुंटीवरून घेतली. परतीच्या मोटारीची वाट बघत अड्ड्यावर बसले होते, तर एक अनोळखी माणूस जवळ येऊन म्हणाला, "एकट्याच का, बाई?"

"न्हाई," मी म्हटलं, "भाऊ येऊन राह्यलाय वडीगोद्रीहून."

तो निघून गेला. आणि मी मोटार येईपर्यंत रस्त्याकडं बघत बसले, खरंच कुणी यायचं असल्यासारखी.