घाटातलं तिसरं वळण

तोकिए हिराबायाशी आमच्या डोंगरातल्या बसवर कंडक्टर होती. घाटातलं तिसरं वळण एका दमात निघायचं नाही, बस जरा मागे घ्यावी लागायची. तोकिए खाली उतरून मागच्या चाकाशी उभी राहायची आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी चालू तोवर मागे, थांबली की ब्रेक. ड्रायव्हर कोमियामाचा आरशापेक्षा तिच्या फुप्फुसांवर जास्त विश्वास.

तीच फुप्फुसं संध्याकाळी 'शाकुहाची' नावाची आमची बांबूची उभी बासरी वाजवत. सेइझान गुरुजींकडे ती आणि मी एकाच वर्षी लागलो. मी तीन महिने नुसती हवा फुंकत होतो. "सूप फार गरम असलं की तुम्हाला बोलावीन," असं ती म्हणायची. सात वर्षांनी तिला घराण्याने दिलेलं नवं नाव मिळालं आणि ते कोरलेली, दारावर लावायची लाकडी पाटीही.

एका हिवाळ्यात तिने बासरी बसच्या हीटरपाशी ठेवली. कोरड्या उष्णतेने बांबू तडकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बासरी उभी चिरली. तिने ती तीन ठिकाणी दोऱ्याने आवळून बांधली, पण खालच्या सुरात धाप राहिली ती राहिलीच.

"दमेकरी झाली ही. टाकून दे," गुरुजी म्हणाले.

"घाट चढताना आमची बसही अशीच धापा टाकते, गुरुजी. तिला कोणी टाकत नाही."

त्या धापेतूनच तिने रचना केली. नाव ठेवलं 'बस मागे येते आहे'. गुरुजींनी ती ऐकली आणि त्यांचा चहा हातातच निवला. वार्षिक मैफलीची पत्रिका छापून आली, तेव्हा तीत होतं: 'शिखरावरचा करकोचा'. रचना, सेइझान.

आमच्या घराण्यात शिष्याची रचना गुरूच्या नावानेच जाते. यात कुणाला चोरी दिसत नसे. उलट शिष्याच्या घरी त्या दिवशी सणासुदीचा लाल भात शिजे. तोकिएने भात शिजवला नाही. तिने दारावरची पाटी उतरवली, रुमालात बांधली आणि गुरुजींपुढे ठेवली.

"माझ्या रचनेत करकोचा कुठे आहे?"

"पत्रिकेत बस शोभत नाही, पोरी. आणि माझ्या चौदा रचना माझ्या गुरूंच्या नावावर आहेत. मी कधी ब्र काढला नाही."

"काढायला हवा होता."

"पाटी परत केलीस तर कुठल्याच मंचावर बसता येणार नाही."

"मी उभ्याउभ्याच काम करते," ती म्हणाली.

मैफल घाटमाथ्यावरच्या देवळात होती आणि तिथे जायला बस एकच. गुरुजी पुढच्या बाकावर, मागे आम्ही शिष्य आणि रेशमी किमोनोतल्या पाहुण्या. तिसरं वळण आलं. तोकिए उतरली. शिट्टी गळ्यातच राहिली, तिकिटांच्या पिशवीतून बासरी निघाली.

"बस मागे येते आहे," तिने नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारलं. "रचना, तोकिए हिराबायाशी."

आणि वाजवू लागली. कोमियामा बोटबोट मागे सरकू लागला. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम, त्या दिवशी सहा मिनिटं चाललं. खालच्या सुराला इंजीन साथ करत होतं.

"कोमियामा-सान, उशीर होतोय," मागून एक पाहुणी म्हणाली.

"इशारा चालू आहे, बाईसाहेब. मध्येच थांबलो तर माझी नोकरी जाईल."

शेवटचा सूर संपला आणि ब्रेक लागला. तोकिए वर चढली आणि गुरुजींपुढे हात केला. "तिकीट."

गुरुजींनी तिकीट दिलं. "शेवटी घाई केलीस," ते पुटपुटले.

"मागे दरी होती, गुरुजी."

वर देवळात करकोचा उडाला नाही. घसा बसलाय, असं गुरुजींनी कळवलं. वाजवला असता, तर निम्म्या सभेचे पाय आपोआप ब्रेकवर गेले असते.

तोकिएच्या दारावर आता तिनेच कोरलेली पाटी आहे, अक्षरं जरा तिरकी, नाव आईबापांनी ठेवलेलं. पुढे तिने एकोणीस रचना केल्या. पक्षी एकीतही नाही.