कुंपणाबाहेरची ओळ

माझ्या दुकानातून फुकट कोणी काही नेलं नाही. भाव पाडून नेलं असेल, पण त्यासाठी त्याला माझ्यासमोर घाम गाळावा लागला. मला मात्र एका माणसाने चक्क बनवलं, आणि त्याचा राग मी अजून जपून ठेवला आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून लाँचने येऊन मी आखातातल्या रास अल खैमाच्या बाजारात दोरखंड, कुदळी, बादल्या आणि बियाणं विकायला बसलो होतो. ना बापाची ओळख, ना भावाचा आधार. मला बनवणारा माणूस म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी खजुरीची बाग असलेला एक म्हातारा अरब. तरुणपणी मोती घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे त्याची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार होती. आमच्यातले लोक अशा मालकमंडळींना अरबाब म्हणत. मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला सेठ म्हणायचा, आणि त्यात थोडी चेष्टा असायची.

चाचाने बागेत हरणं पाळली होती, आपल्याकडच्या चिंकाऱ्यांसारखी लहान, वाळूच्या रंगाची. एक मादी तर त्याच्या खिशात तोंड घालून खजूर काढायची. गाईंसाठी लावलेला लसूणघास हरणं खायची, आणि उन्हाळ्यात तो घास गाईंनाही पुरत नसे. शेवटी थोरल्या मुलाने बापाला बजावलं, खजूर पिकेल तेव्हा घरात लग्न आहे, तोवर हरणांनी गाईंच्या घासाला तोंड लावलं नाही तर राहतील, नाहीतर पाहुण्यांच्या ताटात जातील.

चाचा माझ्या दुकानात आला, अर्धा तास दोरीच्या भावावरून भांडला आणि मग हे सांगितलं.

माझ्याकडे एक पोतं पडून होतं. उंच वाढणारं सोयाबीन, खास जनावरांच्या चाऱ्याचं. एका व्यापाऱ्याने दुसऱ्या मालाबरोबर ते माझ्या गळ्यात मारलं होतं. आम्हाला कुळीथ ठाऊक, चवळी ठाऊक, कडवे वाल ठाऊक. हे काय, कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या खोलीत राहणाऱ्या राजापूरच्या गाववाल्याने ते एकदा उसळीसारखं शिजवायला घेतलं. स्टोव्हमधलं रॉकेल संपलं, दाणे काही शिजले नाहीत. "हे माणसांसाठी नाही," तो म्हणाला, "हे सासऱ्यांसाठी आहे."

मी चाचाला म्हटलं, "हरणांचं वेगळं रान करू. बी माझं, जमीन आणि पाणी तुझं."

"आणि उगवलं नाही तर?"

"तर बी परत कर."

तो हसला. त्याचं हसणं मला आवडायचं, म्हणून तर पुढे एवढा वैताग सोसला.

थंडी संपताच आम्ही बागेच्या कोपऱ्यात, विहिरीच्या पंपाचं पाणी पोचेल तिथे, सरी पाडून बी टोकलं. आठवड्याभरात दाणे वर आले. पण हे पीक हरणांसाठी असलं तरी हरणांपासूनच जपावं लागतं. कोवळं असताना त्याचा शेंडा खुडला गेला की ते खुंटतं, एवढं त्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं. कमरेच्या वर गेलं, बुंधा जाड झाला, की मग खुशाल चरू द्यावं, ते पुन्हा फुटत राहतं. म्हणून मी आमच्या गावी भाताच्या रोपांभोवती घालतात तशी वई घातली, काटेरी फांद्या आणि खजुरीच्या झावळ्या एकमेकींत अडकवून. हात रक्ताळले. चाचा सावलीत बसून मला कॉफी देत होता आणि कुठे भोक राहिलं ते दाखवत होता.

चार दिवसांनी गेलो तर एका बाजूचे शेंडे गायब.

"चाचा, हे काय?"

"वारा," तो म्हणाला. "फार वारा होता, सेठ."

"वाऱ्याला लेंड्या असतात का?"

त्याने खाली पाहिलं. सरीत ताज्या लेंड्या पडल्या होत्या. "डोंगरातली बकरी असेल," तो शांतपणे म्हणाला.

माझा आवाज चढला. त्याला मी नको ते बोललो, मराठीत, म्हणजे त्याला कळू नये म्हणून. त्याला सगळं कळलं. मुंबईत त्याने फक्त मोती विकले नव्हते.

असं दोनदा झालं. मी दुकानात बसायचो तेव्हा तो झावळ्या उचलायचा. हरणं कुंपणाला नाक लावून उभी राहायची आणि त्याला ते बघवत नसे. मी समजावलं, ओरडलो, एकदा तर कुदळ टाकून निघून आलो. त्याचं उत्तर एकच, "इन्शाल्ला, आता नाही." त्या इन्शाल्लाचा मला जेवढा त्रास झाला तेवढा तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याचाही झाला नाही. इकडे ऊन वाढत होतं, लसूणघास पिवळा पडत होता, आणि थोरला मुलगा रोज संध्याकाळी गाईंच्या गव्हाणीपाशी येऊन उभा राहत होता.

मग एके दिवशी चाचा पुन्हा दुकानात आला. दोरी मागितली. भाव ठरला. मी हातांनी दोरी मोजून दिली आणि सवयीने शेवटी वीतभर जास्त सोडून कापली. आमच्याकडे माप भरल्यावर थोडं वर घालतातच. पायलीभर तांदळावर मूठभर तांदूळ, माशांच्या वाट्यावर एखादा बांगडा. घासाघीस कितीही झाली तरी ती वरची मूठ कोणी मागत नाही आणि कोणी चुकवत नाही. ती चुकवली तर माणूस दुसऱ्या दिवशी त्या दुकानाची पायरी चढत नाही.

चाचा दोरीचं ते टोक बोटांत धरून म्हणाला, "मला वरचं सोडतोस. मग हरणांनी काय केलंय?"

मी त्याच दिवशी उरलेल्या बियाण्यातलं थोडं घेऊन गेलो आणि वईच्या बाहेरून, चारही बाजूंनी, एक एक ओळ टोकली. चाचाला म्हटलं, "ही त्यांची वरची मूठ. आतल्या मापाला हात लावायचा नाही."

त्याने बोट नाकाला लावलं. तिकडे असं केलं की शब्द दिला. आणि या वेळी त्याने तो पाळला. दोन-चार दिवस तो झावळ्यांवर हात ठेवून नुसता उभा राहिला, पण उचलल्या नाहीत. बाहेरची ओळ वर आली, हरणांनी ती कुरतडली, ती पुन्हा फुटली, त्यांनी पुन्हा कुरतडली. चाचा सावलीत बसून बघायचा, आणि त्याचा जीव निवायचा. आतलं पीक कोणाच्या तोंडी न लागता गुडघ्याला आलं, मग कमरेला, मग माझ्या छातीला. खुडलेली बाजूही झुडपासारखी पसरून वर आली. इतकं हिरवं मी त्या मुलखात तोवर पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी थोरला मुलगा खाटकाला घेऊन बागेत आला. मीही मुद्दाम हजर होतो. गाईंचा घास तोकडा होता, पण त्याला हरणांचं तोंड लागलेलं नव्हतं; बाहेरच्या ओळीवर आणि चाचाच्या खिशातल्या खजुरांवर त्यांनी दिवस काढले होते. मुलगा म्हणाला, "आणि ही हरणं आता पुढे काय खाणार?"

चाचाने मला खूण केली. मी वई एका जागी उघडली. हरणं क्षणभर थबकली, मग एकामागून एक आत गेली आणि दिसेनाशी झाली. उंच पानांच्या वर अधूनमधून कानाची टोकं हलायची, एवढंच. खाटीक सुरी बगलेत धरून टाचा उंचावून बघत होता. मुलाने हाक मारली, टाळी वाजवली. आतून फक्त पानं तोडल्याचा आवाज येत होता.

मग मुलगा खाटकाला म्हणाला, "खलास. बकरे पुरतील."

चाचाने माझा हात धरला आणि लग्नाच्या मांडवापर्यंत सोडला नाही. तिथे मात्र त्याने जी सुरुवात केली ती आजही माझ्या कानात आहे. हे बी मीच ओळखलं, तो पाहुण्यांना सांगत होता. वई मीच घालून घेतली. आणि बाहेरची ओळ, ती तर माझ्याच डोक्यातून निघाली, हा सेठ तर नुसता ओरडत होता. मी समोर बसून भात खात होतो. माझ्याच ताटात तो मांसाचे चांगले तुकडे काढून ठेवत होता, त्यामुळे भांडताही येईना.

पुढच्या थंडीनंतर आजूबाजूचे बागवाले माझ्याकडे ते बी मागायला लागले. पोतं रिकामं झालं होतं, आणि त्या व्यापाऱ्याचा पत्ता नव्हता. चाचाने मात्र मधल्या ओळी मुद्दाम राखून, शेंगा वाळवून बी धरलं होतं. मी गेलो. त्याने कॉफी दिली, आणि मग माझंच बी मला विकायला बसला. दुपारपर्यंत घासाघीस केली. मी दोनदा उठून निघालो, त्याने दोनदा बसवलं. शेवटी भाव ठरला, माप भरलं, आणि मी पिशवीचं तोंड उघडं धरून तसाच थांबलो.

त्याला कळलं. त्याने पोत्यात हात घातला, चांगली मोठी मूठ भरली, माझ्याकडे पाहिलं आणि जिभेने टक् असा आवाज केला. ती खिशात तोंड घालणारी मादी सावलीतून उठून आली. चाचाने मूठ तिच्यापुढे उघडली.

ती मूठ माझी होती.